बूच, शेवाळ आणि ओहोटी

प्रश्न : आम्ही नवरा-बायको न्यू जर्सीत राहतो. शनिवारी ट्रेलरवरून बोट घेऊन समुद्रात मासे धरायला गेलो. सिमेंटच्या उतारावरून बोट सोडताच आत पाणी भरू लागलं. दुपारी वर काढताना गाडीची चाकं जागीच फिरत राहिली. काय चुकलं?

उत्तर : पहिलं कारण बहुधा बोटीच्या मागच्या तळाचं बूच. साचलेलं पाणी वाहून जावं म्हणून ते काढून ठेवतात आणि घाईत लावायचं राहून जातं. मी ते गाडीच्या किल्लीलाच बांधते.

चाकं फिरली ती ओहोटीमुळे. तिथे भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. उताराचा एरवी बुडालेला भाग उघडा पडतो, त्यावर हिरवं, बुळबुळीत शेवाळ. अशा वेळी जोर लावू नका, पाणी पुन्हा चढेपर्यंत थांबा. आणि कळकळीने सांगते, गाडी ओढत असताना ट्रेलरच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही, ढकलायलासुद्धा नाही.

घरी पोचल्यावर दमला असलात तरी ट्रेलरची चाकं, ब्रेक गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी बेअरिंग खातं.