माणूस स्वतःच्या बळावर उडू शकतो काय?



पाखरू उडते, मग माणूस का नाही उडत? असे मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "शोधून काढ अन् भित्तिपत्रकात लिही." म्हणून हा लेख.

पाखराची हाडे पोकळ असतात. अंग हलके आणि छातीचे स्नायू दमदार असतात. आपले अंग जड आणि हातात तेवढा जोर नाही. म्हणून हाताला सुपे बांधून कोणी छतावरून उडी मारली, तर तो धपकन खालीच पडेल. असे कोणीही करू नये.

मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले असे सांगतात. पण त्यात माणूस बसला होता असे कोणी सांगत नाही, आणि पक्का पुरावाही नाही. आता पुरावा असलेली गोष्ट सांगते.

माणसाच्या हातापेक्षा पायात जोर जास्त असतो. म्हणून अमेरिकेच्या डॉ. पॉल मॅक्रेडी यांनी सायकलसारखे पायंडल असलेले विमान केले. पायंडल मारले की साखळीने पंखा फिरतो. २३ ऑगस्ट १९७७ रोजी ब्रायन ॲलन यांनी ते इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवून मोठे बक्षीस मिळवले.

मग १२ जून १९७९ रोजी ॲलन दुसऱ्या विमानात बसून इंग्लंडहून समुद्रावरून फ्रान्सला गेले. अंतर सुमारे ३६ किलोमीटर. वारा समोरून होता, प्यायचे पाणी संपले, पायात गोळे आले. शेवटी त्यांनी हार मानली. नावेची दोरी बांधता यावी म्हणून विमान थोडे वर नेले, तर वर वारा शांत लागला! मग ते तसेच पुढे गेले आणि २ तास ४९ मिनिटांत पोहोचले.

त्या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ३० मीटर होते. आम्ही मैदानात दोरीने मोजले, तर दोरी झेंड्याच्या खांबापासून पार हापशीपर्यंत गेली. वजन मात्र फक्त ३२ किलो, म्हणजे क्विंटलच्या पोत्याचा तिसरा हिस्सा.

२३ एप्रिल १९८८ रोजी ग्रीस देशाचे सायकलपटू कानेलोस कानेलोपोलोस तर ११५ किलोमीटर उडाले. किनारा अगदी जवळ आला आणि वाऱ्याने विमान मोडले. ते पोहत काठावर आले.

मी हे घरी वाचून दाखवले. आबाजी म्हणाले, "हे सारं खरं, पण त्याच्यात कापसाचं गाठोडं नेता येते काय? मन नदीले पूर आला तं पलीकडे जाता येते काय?"

मी विचार केला. गाठोडे नेता येणार नाही, कारण माणसाचे बळ त्याला स्वतःला उचलण्यातच संपते. पुराच्या दिवसात वारा-पाऊस असतो, त्यात ते मोडेल. रोजच्या कामाला सायकल आणि पूलच बरा.

मग हे वाया गेले काय? नाही. कमी बळात कसे उडावे हे त्यातून कळले. त्याच मॅक्रेडींच्या मंडळींनी नुसत्या सूर्याच्या उजेडावर चालणारे विमान केले. ते ७ जुलै १९८१ रोजी फ्रान्सहून इंग्लंडला गेले.

आबाजी हसून म्हणाले, "मानसाले पंख नाई, पन डोकं आहे."

तात्पर्य : बळ थोडे असले तर ओझे कमी करावे आणि डोके जास्त चालवावे.

— इयत्ता ४ थी, बाळापूर