वेल हिरवागार, खरबूज पाणचट

प्रश्न : बेंगळुरूजवळ दोड्डबळ्ळापूरला आमचं खरबूज आहे. युरिया भरपूर दिला. फळं मोठी झाली, पण पाणचट. असं का?

उत्तर : बहुधा युरियामुळे! नत्र जास्त झालं की वेल पाल्यावर जातो, फळ उशिरा पिकतं, साखर आणि क जीवनसत्त्व दोन्ही घटतात. पानांतली साखर फळात पोचायला पालाश लागतं. फळं लिंबाएवढी झाली की युरिया थांबवा, ठिबकमधून ०:०:५० हे पालाशाचं खत सोडा. मात्रा माती परीक्षणावरून ठरवा. पालाशही अती नको, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं शोषण अडतं. तोडणीआधी आठवडाभर पाणी कमी करा. पुष्कळदा दोष पाण्याचा असतो आणि बोल खताला लागतो. गोडी वाणावरही असते, पण वाण कोणतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं ‘अर्का जीत’ क जीवनसत्त्वासाठी नावाजलेलं आहे. फळ मात्र लहान.