भाचीबाई, अपलोडचं बटण दाबण्याआधी

विषाणूंचे जिनोम वाचणाऱ्या लॅबमध्ये रुजू झालीस, बरं झालं. मशीन चालवायला कंपनीचा माणूस शिकवील. मामाकडे उरल्या त्या बारीकसारीक गोष्टी.

१. तारीख लिहायची ती नमुना घेतल्याची, सिक्वेन्सिंगची नव्हे – विषाणूची वंशावळ त्याच तारखेवर जुळते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ०३/०४ चा अर्थ एक्सेल आपल्या मनाने लावून मोकळं होतं.

२. जिल्हा लिही, नाव आणि केसपेपरचा नंबर नको. लहान गाव असेल तर नेमकं वयही नको – तेवढ्यावरून चावडीवर कुणीही सांगेल, ही कुणाची सून.

३. कच्चे रीड्स देताना मानवी डीएनए आधी गाळून टाक – स्वॅबमधून विषाणूबरोबर रुग्णही आलेला असतो.

४. जिथे अक्षर वाचता आलं नाही तिथे ‘माहीत नाही’चा ‘एन’ राहू दे, वुहानच्या संदर्भ-जिनोमचं ठिगळ लावू नकोस – वाचणाऱ्याला वाटतं, इथे बदल झालाच नाही. डेल्टाच्या वेळी हेच झालं. जिनोमचे तुकडे वाढवायला वापरतात त्या आर्टिक प्रायमर-संचाच्या तिसऱ्या आवृत्तीतला एक प्रायमर जिथे बसायचा, नेमकं तिथेच डेल्टाचं उत्परिवर्तन होतं. तो तुकडा नीट वाढायचा नाही आणि स्पाइकमधला १४२ व्या जागेचा बदल कितीतरी जिनोममध्ये दिसायचाच नाही. म्हणून प्रायमरची आवृत्तीही नोंदव. कोरा रकाना लाजवतो, भरलेला फसवतो.

५. नमुना का निवडला तेही लिही – एकाच लग्नातले वीस आणि जिल्हाभरातले वीस सारखे नव्हेत.

६. स्वॅब पाठवणाऱ्या रुग्णालयाचं नाव मूळ प्रयोगशाळेच्या रकान्यात आठवणीने घाल. जीसएड या जिनोमच्या सामायिक संग्रहातला डेटा वापरणाऱ्याला त्यांचंही श्रेय द्यावं लागतं – आणि नाव गाळलं की नमुन्यांचा पुढचा डबा उशिरा येतो, हे माझं शास्त्र.

७. पेपर छापून येईपर्यंत डेटा दाबून ठेवू नकोस – जानेवारी २०२० मध्ये करोनाचा पहिला जिनोम खुला झाला, म्हणून विषाणू हाती नसलेल्यांनीही चाचण्या आणि लसी आखायला घेतल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानाने ओमिक्रॉनची वर्दी दिली, तर बक्षीस म्हणून त्यांची विमानं बंद झाली. हा अन्यायच. तरी त्यांनी सांगितलं म्हणून बाकीच्यांना तयारीला वेळ मिळाला.

८. चूक सापडली तर जुनीच नोंद दुरुस्त कर, नवी घालू नकोस – एक रुग्ण दोनदा मोजला जातो.

९. आणि शुक्रवारी संध्याकाळी अपलोड नको – शंका विचारणारी मेल येते तेव्हा तू आईकडे पुरणपोळी खात असतेस.