थंडीत पिकअप सुरू होत नाही

प्रश्न : मी अकोले तालुक्यात भंडारदऱ्याजवळ राहतो. पहाटे डिझेल पिकअपने दूध पोहोचवावे लागते. थंडीत सेल्फ जड फिरतो, गाडी लवकर सुरू होत नाही. उन्हात उभी केली की लगेच सुरू होते. इंजिनचे काम निघाले आहे का?

उत्तर : इंजिन खोलण्याची घाई करू नका. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल दाट होते. सेल्फ जड फिरतो, म्हणून आधी बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मे चार्जिंग. टर्मिनलवरचा थर साफ करून नट आवळा, अर्थिंगची वायरही पाहा.

सेल्फ जोरात फिरूनही इंजिन उचलत नसेल, तर ग्लो प्लग तपासून घ्या. चावी फिरवल्यावर मीटरमधला वेटोळ्याचा पिवळा दिवा विझू द्या, मगच सेल्फ मारा. डिझेल फिल्टरमधले पाणीही काढा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा.

इंजिनखाली जाळ मात्र कधीही करू नका. गळलेले डिझेल पेटून गाडी आणि माणूस दोन्ही धोक्यात येतात. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल, तर दिवाळीपूर्वीच लोड टेस्ट करून घ्या.