लेन्सचे झाकण आणि तीन जुने कॅमेरे

गेल्या पालकदिनाला आजोबा साताऱ्याहून झाशीला आले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ला पाहिला. त्यांच्याच याशिका इलेक्ट्रो ३५ कॅमेऱ्याने मी कडक बिजली तोफेजवळ त्यांचे नऊ फोटो काढले. रोल धुऊन आला तेव्हा ते नऊच्या नऊ कोरे निघाले. लेन्सचे झाकण मी काढलेच नव्हते. आजोबांचे गुडघे आता एवढा प्रवास सोसत नाहीत.

मित्रांनो, रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही, वरच्या वेगळ्या खिडकीतून पाहतो. त्यामुळे झाकण असले तरी समोरचे सगळे स्वच्छ दिसते. दोन खिडक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा लेन्सची कडी फिरवून एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. तोफखान्यातले जुने अंतरमापक याच तत्त्वावर चालत. दोन खिडक्यांमधले अंतर हा त्रिकोणाचा पाया, आणि पाया जितका मोठा तितके माप अचूक. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये तो सुमारे ६९ मिलिमीटर आहे, रशियन झोर्की-४ मध्ये ३८ च्या आसपास. लायका आमच्यात कोणाकडेच नाही. किंमत ऐकल्यावर तो विषय तिथेच संपला.

आमच्याकडे तीन कॅमेरे जमले: माझा याशिका, एका मित्राच्या वडिलांचा कॅनन कॅनोनेट क्यूएल-१७ जी-३ आणि सरांचा झोर्की-४.

याशिकात आपण फक्त छिद्र (अ‍ॅपर्चर) ठरवायचे, शटरचा वेळ कॅमेरा स्वतः ठरवतो. प्रकाश कमी असेल तर पिवळा दिवा लागतो, जास्त असेल तर लाल. पण प्रकाश मोजणारा सेल लेन्सवर नाही, कॅमेऱ्याच्या अंगावर आहे. म्हणून किल्ल्यावर एकही दिवा लागला नाही, शटर नीट वाजले आणि मी खूश! बॅटरी संपली तर हा कॅमेरा फक्त १/५०० सेकंदावर चालतो. तरी आपल्याकडे अडत नाही. कडक उन्हात एफ-१६ ठेवले तर शटरचा वेळ फिल्मच्या आयएसओइतका लागतो, म्हणजे ४०० च्या फिल्मला साधारण १/४००. झाशीच्या दुपारी एफ-१६ लावून बिनबॅटरीचा याशिकाही फोटो देतो. संध्याकाळी मात्र त्याचा उपयोग नाही.

कॅनोनेट १९७२ चा. त्याचा सेल लेन्सच्या कडीतच आहे, म्हणून झाकण लावले की तोही झाकला जातो आणि ऑटोवर बटण दाबलेच जात नाही. मी पाच वेळा दाबून पाहिले. बॅटरी नसली तरी सगळे वेग हाताने लावता येतात. क्लबमध्ये नव्याने येणाऱ्या ज्युनिअरच्या हातात मी हाच देईन.

झोर्कीत सेलही नाही, बॅटरीही नाही. आधी फिल्म पुढे ओढायची, मगच वेगाची चकती फिरवायची. उलट केले तर यंत्रणा बिघडू शकते. सर हे प्रत्येक वेळी ओरडून सांगतात. त्याचे शटर कापडी आहे आणि पुढे आरसा नाही. झाकण न लावता लेन्स सूर्याकडे राहिली तर भिंगाने कागद जाळावा तसे कापडाला भोक पडते. म्हणजे ज्या झाकणाने माझा घात केला, ते इथे हवेच. चष्मेवाल्यांसाठी यात नजरेप्रमाणे खिडकी जुळवायची सोय आहे, पण तिची धातूची कड चष्म्याच्या काचेला ओरखडे पाडते. माझ्या काचेवर दोन आहेत.

याशिकाचे शटर लेन्समध्ये असते आणि धातूच्या पात्यांचे असते, त्याला उन्हाची ही भीती नाही. धुळीसाठी मी लेन्सवर साधा काचेचा फिल्टर बसवला आहे. सुट्टीत साताऱ्याला जाताना नवा रोल नेणार आहे. झाकण हॉस्टेलच्या कपाटातच राहील.