मत्स्यपेटीचे आसन

काचेच्या मत्स्यपेटीतील रंगीत मासे सर्वांचे मन वेधून घेतात. पण ती पेटी ज्या लाकडी कपाटावर उभी असते, त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. भार मात्र तेच वाहते.

हा भार किती असतो? पेटीतील पाणी 60 सेंटिमीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद व 40 सेंटिमीटर खोल असेल, तर ते 72 लिटर भरते. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलोग्रॅम असते. म्हणजे वाळू व काच सोडूनही कपाटाला 72 किलोग्रॅम वजन रात्रंदिवस पेलावे लागते!

म्हणून कुशल सुतार हा भार खिळ्यांवर सोपवीत नाही. माथ्याची फळी तो उभ्या खांबांच्या डोक्यावर टेकवितो. त्यामुळे वजन लाकडातून थेट जमिनीवर उतरते. कपाट डुलू नये, म्हणून पाठीमागे तो फळी घट्ट बसवितो. गुण्याने काटकोन व पाणसळीने सपाटी तपासतो. कारण बैठक वाकडी असेल, तर ताण पडून काच तडकू शकते.

वरचे छत हलके असते. ते दिव्याला आधार देते व उडी मारणाऱ्या माशांना अडविते. हवेसाठी त्याला मागे फट ठेवतात. वाफेने लाकूड फुगू नये, म्हणून त्याला आतूनही रोगण देतात.

मुलांनो, ती आतली बाजू कोणालाच दिसत नाही. पण लाकूड कुजू लागते ते तेथूनच. जेथे कोणी पाहत नाही, तेथेही जो चोख काम करतो, तोच खरा कारागीर.