वर्गणीच्या आधी सुई

बाळा, परवा पुण्याहून फोनवर तू विचारलंस, "मामा, ऑडिओफाइल तबकड्यांची वर्षाची वर्गणी भरू का? दर महिन्याला एक, नंबर टाकलेली, मोजक्याच प्रती." घरात पाहुणे होते म्हणून तेव्हा बोलता आलं नाही. आता सांगतो. भरू नकोस.

मी एकदा भरली होती. सहा तबकड्यांचे पैसे आगाऊ दिले. चौथी आली ऐन मे महिन्यात. आपल्या आदिलाबादला तेव्हा पारा 44-45 वर असतो. पार्सल कुठल्यातरी गोदामात पत्र्याखाली पडून राहिलं असावं. तबकडी लावली, तर सुईचा दांडा पुरातल्या होडीसारखा वरखाली व्हायला लागला. बदलून मिळाली नाही. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. उरलेल्या पाचांपैकी दोनच मी पुन्हा ऐकल्या. बाकीच्या तीन वाईट नव्हत्या. मी दुकानात उभा असतो तर त्या उचलल्या नसत्या, एवढंच. वर्गणीत आपण आपली निवड दुसऱ्याच्या हाती देतो आणि वर पैसेही मोजतो.

वर्गणीवाले 180 ग्रॅम वजनाचं फार कौतुक सांगतात. जाड तबकडी हातात बरी वाटते, हे खरं. पण आवाज वजनात नसतो. मूळ टेप कोणती घेतली, खाचा कोणी आणि कशा कापल्या, दाबताना किती काळजी घेतली, यात तो असतो. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही या धंद्यातली नावाजलेली कंपनी. तिच्या 'वन-स्टेप' मालिकेतली एक तबकडी 125 डॉलरला जायची. मूळ टेपवरून थेट कापलेली, मध्ये डिजिटल काही नाही, अशा समजुतीनं लोक त्या घेत होते. 2022 च्या जुलैमध्ये बाहेर आलं की कित्येक वर्षं टेप आधी डिजिटलमध्ये उतरवून मग तबकड्या कापल्या जात होत्या. लोक कोर्टात गेले आणि 2.5 कोटी डॉलरवर तडजोड ठरली. आवाज वाईट होता असं कोणीच म्हणत नव्हतं. लाखांची यंत्रं बाळगणाऱ्यांच्या कानांनाही तो फरक इतकी वर्षं कळला नव्हता. हे लक्षात ठेव, आणि वेष्टनावरच्या मजकुरासाठी पैसे मोजू नकोस.

शिवाय वर्गणीतून येणाऱ्या पेटीत असतं काय? बहुतेक जॅझ आणि रॉक. तू वाढलास किशोरीताईंचा भूप ऐकत, बाबूजींच्या आवाजातलं गीतरामायण ऐकत. ते त्या पेटीत येणार नाही. ते मिळतं एचएमव्हीच्या दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या जुन्या तबकड्यांवर, आणि त्या सापडतात हैदराबादच्या जुमेरात बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, नाहीतर कोणाच्या माळ्यावर. तिथे जा, पण घाई करू नकोस. तबकडी उन्हात तिरपी धर. धूळ आणि बोटांचे डाग धुतले जातात, त्यांना घाबरू नकोस. चरा दिसला तर त्यावरून नख अलगद फिरव. नख अडलं तर सुईही अडेल. मग मधलं भोक बघ. त्याच्याभोवती लेबलवर केसासारख्या रेघा असतात. तबकडी लावताना भोक चाचपडत यंत्राची मधली दांडी घासली गेल्याच्या त्या खुणा. रेघांचं जाळं झालं असेल तर ती भरपूर वाजली आहे, मग विकणारा काहीही सांगो.

आता सुई. वर्गणीला काढून ठेवलेले पैसे आधी तिच्यावर घाल. हिऱ्याची असली तरी पाचशे ते हजार तासांत ती झिजते, आणि झिजलेली सुई चांगल्या तबकडीच्या खाचा कायमच्या खरवडते. नवी बसवलीस की तिचा भार काट्यावर मोजून घे, अंदाजानं ठेवू नकोस. आजोबांच्या 78 च्या तबकड्यांना एलपीची सुई कधी लावायची नाही. त्यांची खाच कितीतरी रुंद असते. सुई तळाशी घसरते आणि खरखर तेवढी ऐकू येते. त्या तबकड्या लाखेच्या आहेत. स्पिरिटनं पुसल्यास तर डोळ्यादेखत विरघळतील. तुझ्या मामीनं एकदा चकचकीत करायच्या हौसेनं पुसली होती. कापडाला काळं लागलं तेव्हा कळलं. ती तबकडी गेली ती गेलीच.

आपल्याकडे दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की हवेत रुईचे तंतू उडतात. ते सुईला चिकटून त्यांचा गोळा होतो आणि आवाज घोगरा होतो. दर बाजूनंतर मऊ ब्रश मागून पुढे एकदा फिरव. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या वेष्टनाला बुरशी धरते, म्हणून आतली कागदी पिशवी बदल. तबकड्या उभ्याच ठेव. आडव्या रचल्यास तर खालच्या वाकतात. पश्चिमेच्या भिंतीला कपाट नको, दुपारनंतर ती भिंत तव्यासारखी तापते. आणि तबकडी गाडीत विसरू नकोस, पैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन येईतो ती कामातून जाईल.

वर्गणी भरायचीच असेल तर माणसांच्या संगतीसाठी भर. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. सुरेश चांदवणकरांनी ती पुढे नेली. एकत्र बसून जुन्या तबकड्या ऐकायच्या, त्यांवर बोलायचं, 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकात लिहायचं, असं तिचं काम. त्याचे कितीतरी अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. कोणती तबकडी कोणत्या साली निघाली, कोणी गायली, हे त्यातून शिक. मग बाजारात तुला कोणी फसवणार नाही.

आता एक काम कर. गेल्या वर्षी तू कोणत्या तबकड्या तीनदा तरी ऐकल्यास, त्यांची यादी लिही. पुढच्या सुट्टीत येशील तेव्हा ती सोबत आण. यादी बघून आपण दोघं ठरवू, वर्गणीच्या पैशातून सुई किती रुपयांची घ्यायची ते.